वीस दिवसांच्या बाळाला झटके? ओठावरच्या फोडाचा विषाणू मेंदूत शिरला तर उपचार कसा होतो, समजून घ्या

बारसं होऊन आठवडा झालेला असतो. पाहुणेरावळे परत गेलेले असतात. दोन दिवसांपासून बाळ नीट अंगावर पीत नाही, नुसतं झोपून राहतं, उचललं की किरकिरतं. मग एखाद्या दुपारी एकाच हाताला किंवा तोंडाच्या एका कोपऱ्याला बारीक झटके येतात आणि थांबतात. घरात कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी म्हणतं पोटात कळ आली असेल, कोणी म्हणतं बाळं झोपेत दचकतातच. शेवटचं बऱ्याचदा खरंही असतं. पण दूध कमी झालंय, अंग ढिलं पडलंय आणि त्यात झटके आलेत, तर ते दचकणं नाही. अशा बाळाला त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्यायला हवं.

झटक्यांची कारणं बरीच आहेत. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम कमी होणं, जन्मताना गुदमरणं, मेंदूला जंतुसंसर्ग. या लेखात आपण त्यातलं एकच कारण बघणार आहोत, कारण ते सहज नजरेतून सुटतं आणि त्याच्यावर खास औषध आहे. ते कारण म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू. आजार क्वचितच होतो हे आधी सांगतो, उगाच घाबरायला नको. जगाचा अंदाज एक लाख जन्मांमागे साधारण १० बाळं, म्हणजे वर्षाला १४ हजारांच्या आसपास. पण ज्या घरात होतो तिथे एकेक तास महत्त्वाचा असतो.

हा विषाणू तुमच्या ओळखीचा आहे

ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. चुरचुरतो, दोन-चार दिवसांत फुटतो, खपली धरते आणि जातो. अंगातला ताप बाहेर पडला असं म्हणून आपण सोडून देतो. कोणी म्हणतं कोळी फिरला. तो बहुतेक वेळा हाच हर्पिस, टाईप १. कमरेखाली, लघवीच्या जागी येणारे तसेच फोड टाईप २ चे असतात, पण आता दोन्ही टाईप दोन्हीकडे सापडतात. कमरेला पट्ट्यासारखी येणारी नागीण मात्र वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. दोघे एकाच कुळातले, भाऊबंद म्हणा, पण आजार वेगळे.

मोठ्या माणसाला या विषाणूचा फारसा त्रास होत नाही. तो एकदा शरीरात आला की नसांच्या गाठींमध्ये लपून बसतो आणि जन्मभर राहतो. ताप, ऊन, जागरण, ताण असं काही झालं की परत वर येतो. बऱ्याच जणांना तो आपल्या अंगात आहे हे कधी कळतही नाही. तान्ह्या बाळाचं मात्र तसं नाही. त्याची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची असते. त्याच्या कातडीवरून विषाणू डोळ्यात जातो, नसांमधून मेंदूत जातो, रक्तातून यकृतात आणि फुफ्फुसात जातो.

डॉक्टर याचे तीन प्रकार करतात. पहिल्यात आजार फक्त कातडी, डोळे आणि तोंडापुरता असतो. १०० आजारी बाळांपैकी साधारण ४५ यात मोडतात. दुसऱ्यात मेंदूला संसर्ग होतो, ती साधारण ३०. तिसऱ्यात सगळ्या अंगभर पसरतो, ती साधारण २५, आणि त्यातल्या बऱ्याच बाळांच्या मेंदूलाही धक्का बसतो. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची लक्षणं जन्मानंतर दहा-बारा दिवसांत दिसू लागतात. मेंदूचा प्रकार थोडा उशिरा, बहुधा सोळा ते एकोणीस दिवसांच्या सुमारास. म्हणूनच दवाखान्यातून घरी आलेलं, वजन धरलेलं, बारसं झालेलं, अगदी ठणठणीत बाळ एकाएकी आजारी पडतं आणि घरच्यांना त्याचा कुठेच मेळ लागत नाही.

बाळापर्यंत येतो कसा

दहातल्या आठ-नऊ बाळांना तो बाळंतपणात, जन्माच्या वाटेतून बाहेर येताना लागतो. थोड्यांना जन्मानंतर लागतो, ओठावर फोड असलेल्या कोणाच्या तरी मुक्यातून किंवा हातातून. अगदी कमी बाळांना पोटात असतानाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण निदान झालं की घरात पहिला प्रश्न हाच निघतो: सुनेला हा रोग आला कुठून? ज्या बाळांना हा आजार होतो त्यांच्या बहुतेक आयांना आपल्याला हर्पिस आहे हे माहीतच नसतं. त्यांना कधी फोड आलेला आठवत नाही, गरोदरपणात काही दिसलेलं नसतं. विषाणू नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो, आणि त्यालाही कधी काही जाणवलेलं नसतं. तो वर्षांपूर्वी आला की महिन्यापूर्वी, हे बघून सांगता येत नाही. तेव्हा बाळ काचेच्या पेटीत असताना बाहेर ओसरीवर चारित्र्याची पंचायत भरवणं हे क्रूर तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. उलट त्या भीतीने आई डॉक्टरांपासून काही लपवते आणि नुकसान बाळाचं होतं.

धोका कोणाला जास्त? ज्या आईला हा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदाच गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत होतो तिच्या बाळाला. तिच्या शरीराने अजून प्रतिपिंडं तयार केलेली नसतात, त्यामुळे बाळालाही ती मिळालेली नसतात. अशा १०० बाळंतपणांत २५ ते ६० बाळांना लागण होऊ शकते. जिला हा त्रास जुना आहे आणि अधूनमधून फोड येतात, तिच्या बाबतीत हे प्रमाण १०० मध्ये दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे जुना हर्पिस असलेल्या बाईने धसका घ्यायचं कारण नाही, फक्त डॉक्टरांना सांगून ठेवायचं.

जन्मानंतरची लागण मात्र आपण घरच्या घरी टाळू शकतो. ओठावर फोड असलेल्याने, मग ती आजी असो, आत्या असो की बाप असो, खपली पूर्ण पडेपर्यंत बाळाचा मुका घ्यायचा नाही. तोंडाला रुमाल बांधायचा, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या बोटाला पाण्याचे दुखरे फोड असतील तर तेवढे दिवस मालिश दुसऱ्या कोणी करावं. आईच्याच ओठावर फोड आला असेल तर दूध बंद करायचं नाही; दुधातून हा आजार जात नाही. फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूचं दूध भरेपर्यंत पाजू नये, काढून टाकावं, दुसऱ्या बाजूने पाजावं. बारशाला आलेल्या मावशीला 'मुका घेऊ नका' म्हणणं आपल्याकडे अवघड जातं, रुसवेफुगवे होतात, हे खरं आहे. हे काम नव्या आईवर न टाकता घरातल्या मोठ्या माणसाने करावं.

घरात काय दिसतं

फोड दिसले तर संशय लगेच येतो. लालसर जागेवर पाण्याचे बारीक फोड, पुंजक्याने. पण ते कुठे शोधायचे? बाळंतपणात जो भाग आधी बाहेर येतो तिथे ते बऱ्याचदा उठतात, म्हणजे डोक्यावर, केसांत. पायाळू बाळाला ढुंगणावर. आपल्याकडे बाळाच्या डोक्याला दिवसभर टोपडं असतं, टाळूवर तेल थापलेलं असतं, त्यामुळे केसांतले फोड झाकले जातात. रोज आंघोळीच्या वेळी टोपडं काढून उजेडात डोकं बघा. डोळा लाल होऊन पाणी येत असेल, तोंडात फोड असतील तर तेही दाखवा. फोडांवर हळद, राख, पावडर काही लावू नका. त्यातल्या पाण्याचीच तपासणी करायची असते.

पण फोड नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. मेंदूचा आजार झालेल्या दहातल्या तीन-चार बाळांना अंगावर एकही फोड येत नाही. मग उरतात ती लक्षणं: दूध ओढत नाही, सारखं झोपतं, हलवलं तरच हालचाल करतं, विचित्र किरकिर करतं, अंग तापतं किंवा उलट गार पडतं, टाळू फुगलेली लागते, श्वास मध्येच थांबतो. आणि झटके.

बाळाचे झटके मोठ्या माणसाच्या फिटसारखे नसतात. एकाच बाजूचा हात किंवा पाय ठरावीक तालात उडतो, डोळे एका जागी खिळतात, ओठ चघळल्यासारखे हलतात, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, चेहरा निळसर पडतो. साधं थरथरणं आणि झटका यातला फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे. थरथरणारा हात हलकेच धरा. थांबला तर बहुधा साधी थरथर. धरूनही तुमच्या हातात उडतच राहिला तर झटका समजा. आणि खिशात मोबाईल असतोच, त्याचा इथे खरा उपयोग करा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर बाळ शांत असतं आणि आपल्याला नीट सांगता येत नाही; तो व्हिडिओ सगळं सांगतो. फक्त त्या वेळी दुसऱ्या माणसाने बाळाला कुशीवर वळवलेलं असावं. तोंडात पाणी, दूध, चमचा काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवणं, अंगारा, डागणं यात वेळ जातो. मेळघाटात तान्ह्या बाळांना गरम विळ्याने 'डंबा' दिल्याच्या बातम्या आपण वाचतो. तसा प्रकार आपल्या भागात कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत उभी राहण्यामागे आपल्याच गडचिरोलीतलं काम आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून हे करून दाखवलं, आणि तिथले बालमृत्यू किती कमी झाले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हर्पिसचा मेंदूचा प्रकार सोळा ते एकोणीस दिवसांच्या सुमारास उठतो म्हटलं ना? म्हणजे आशाताईंच्या चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या भेटींच्या मधल्या काळात. त्या दिवसांत काही वावगं वाटलं तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, फोन करायचा.

दवाखान्यात काय होतं

अशा बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातल्या डॉक्टरकडे ठेवून चालत नाही. एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष, जिल्हा रुग्णालयात आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत असतो. गाडीसाठी १०८ किंवा १०२ ला फोन करा. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचं औषध, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. सुरुवातीला ही सोय ३० दिवसांच्या बाळापर्यंत होती, पुढे ती वर्षभराच्या बाळांपर्यंत वाढवली. वाटेत बाळ उबदार ठेवा. आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणं सगळ्यात चांगलं.

पोचल्यावर डॉक्टर आधी श्वास, साखर, झटके सांभाळतात. झटक्यांसाठी बहुधा फेनोबार्बिटोन देतात. जिवाणूंच्या संसर्गाचं औषधही लगेच सुरू होतं, कारण सुरुवातीला दोन्ही आजार सारखेच दिसतात. फरक तपासणीतून कळतो. फोडातलं पाणी, तोंड, नाक, डोळे आणि गुदद्वार यांना काडी फिरवून घेतलेले नमुने, रक्त, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठीतलं पाणी. या सगळ्यांची पीसीआर तपासणी होते. कोरोनात नाकात काडी घालून जी तपासणी व्हायची त्याच जातीची, विषाणूचा अंश शोधणारी.

पाठीतल्या पाण्याच्या नावाने आपल्याकडे नातेवाईक हात जोडतात. 'मणक्यात सुई घातली की पोर लुळं पडतं' हे पारावर हमखास ऐकायला मिळतं. होतं असं की ज्या बाळांचं पाणी काढतात ती आधीच मेंदूच्या आजाराने गंभीर असतात. पुढे एखाद्याचा हात-पाय कमजोर राहिला तर तो आजाराने राहिलेला असतो, पण दोष सुईवर जातो. मेंदूपासून येणारी मुख्य दोरी पाठीत एका ठरावीक उंचीवर संपते. सुई त्याच्या खाली, कमरेजवळ घालतात, जिथे नुसतं पाणी आणि सुटे धागे असतात. थेंब-थेंब पाणी गोळा होतं, काही मिनिटांत काम संपतं. ही तपासणी नाकारली तर मेंदूला संसर्ग झालाय की नाही हे नक्की कळत नाही. मग औषध १४ दिवस द्यायचं की २१ हेही ठरवता येत नाही. कधी कधी पहिल्या एक-दोन दिवसांत काढलेल्या पाण्यात विषाणू सापडत नाही; संशय पक्का असेल तर डॉक्टर काही दिवसांनी परत पाणी काढायला सांगतात. तेव्हा 'एकदा काढलं की आता कशाला' असा वाद घालू नका.

याशिवाय मेंदूचा एमआरआय, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, यकृत आणि किडनीच्या रक्ताच्या तपासण्या, डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी असं सगळं लागतं. यातलं काही जिल्ह्याच्या ठिकाणी नसेल तर बाळाला मेडिकल कॉलेजला पाठवतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि गरज पडली तर नम्रपणे विचाराही: रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवायचं नसतं. संशय आला की औषध सुरू, रिपोर्टमध्ये काही नसेल तर बंद. उशीर महागात पडतो.

औषध कोणतं आणि किती

औषधाचं नाव असायक्लोव्हिर. ते नवीन नाही, फार महागाच्या जातीतलंही नाही. अमेरिकेतल्या बरोज वेलकम कंपनीत १९७० च्या दशकात ते तयार झालं. त्यामागे ज्यांचं काम होतं त्या गर्ट्रूड एलियन यांना तरुणपणी बाई म्हणून प्रयोगशाळेत कोणी नोकरी देत नव्हतं, पीएचडीही त्यांनी पुरी केली नव्हती. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

असायक्लोव्हिरची करामत अशी. विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढायला लागतो. प्रत काढायला विटेवर वीट रचावी तसे तुकडे जोडत जावं लागतं. हे औषध म्हणजे खोटी वीट. ती रचली गेली की पुढची वीट तिच्यावर बसतच नाही, भिंत तिथेच थांबते. आणि ही खोटी वीट कामाला लागते ती मुख्यतः विषाणू असलेल्या पेशीतच, कारण तिला जागं करणारं रसायन विषाणू स्वतःच बनवतो. त्यामुळे निरोगी पेशींना फारसा त्रास नाही. पण नीट बघा: हे औषध नवीन प्रती थांबवतं. मेंदूचा जो भाग आधीच खराब झाला तो परत आणत नाही, आणि नसांत लपलेला विषाणू उपटूनही काढत नाही. सगळी घाई आणि पुढचे सहा महिने या दोन कारणांसाठी आहेत.

बाळाला ते शिरेतूनच द्यावं लागतं. तोंडाने दिलेलं असायक्लोव्हिर पोटातून थोडंसंच रक्तात उतरतं, मेंदूच्या आजारात सुरुवातीला ते कामाचं नाही. मेडिकलमधून पातळ औषध आणून घरी पाजून हा आजार बरा होणार नाही, फक्त वेळ जाईल. डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. अडीच किलोच्या बाळाला एका वेळी ५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, एकूण १५०. मेंदूचा आजार असेल तर २१ दिवस, म्हणजे ६३ डोस. हा हिशोब तुम्हाला समजावा म्हणून लिहिला आहे; कमी दिवसांच्या बाळाला किंवा किडनी अशक्त असेल तर डॉक्टर तो बदलतात.

हे आकडे आले कुठून तेही सांगतो. औषध नव्हतं तेव्हा मेंदूच्या हर्पिसची निम्मी बाळं जायची. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अनेक दवाखाने एकत्र घेऊन वर्षानुवर्षं यावर काम केलं. सुरुवातीला दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅम, १० दिवस देत. तेव्हा वर्षभरात मेंदूच्या आजाराची १०० मधली १४ बाळं दगावत होती. मग डोस दुप्पट केला आणि दिवसही २१ केले. २००१ मध्ये त्याचे निकाल आले: १०० मध्ये चार. अंगभर पसरलेल्या प्रकारात तेवढ्याच डोसने अजूनही १०० मधली २९ जात होती. म्हणजे लवकर पकडलेला आणि पूर्ण दिवस घेतलेला उपचार हाच सगळा फरक.

एकवीस दिवस काढणं

खरी कसोटी इथे आहे. सहाव्या-सातव्या दिवशी झटके थांबलेले असतात, बाळ दूध ओढायला लागतं, डोळे उघडून बघतं. मागे घरी मोठं पोर रडतंय, कापूस वेचायला आलाय, म्हशी शेजाऱ्यावर टाकून आलोय. आता बरंय की, सही करून घेऊन जाऊ, असा विचार कोणाच्याही मनात येतो. तसं नेऊ नका. बाळ बरं दिसतं म्हणजे विषाणूच्या प्रती कमी झाल्यात, संपलेल्या नाहीत. मधेच सोडलं तर तो परत उसळतो, आणि दुसऱ्या वेळी मेंदूचं जे जातं ते जातंच. तालुक्याच्या बाजूला राहणाऱ्या नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी या वेळी डबा पोचवणं, मोठ्या पोराला सांभाळणं, दावणीचं बघणं हे केलं तर ती खरी मदत. फळं घेऊन वॉर्डात गर्दी करणं ही मदत नाही.

या दिवसांत आईनेही लक्ष ठेवायचं काही आहे. प्रत्येक डोस साधारण तासभर हळूहळू जायला हवा. घाईने गेला किंवा बाळाला पाणी कमी पडलं तर औषधाचे खडे किडनीत अडकू शकतात. लंगोट किती वेळा ओला होतो ते मोजत राहा, कमी झाला तर नर्सताईंना सांगा. सुई लावलेला हात सुजला, लाल झाला, बाळ तिथे हात लावू देत नाही, तरी लगेच सांगा. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. मध्ये मध्ये रक्त घेतात ते किडनी आणि पांढऱ्या पेशी बघण्यासाठी. 'पोराचं सगळं रक्त काढलं' असं वाटतं खरं, पण घेतात ते थोडंसंच.

एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पाठीतलं पाणी पुन्हा तपासतात. विषाणू गेला असेल तर सुट्टी. अजून सापडला तर आणखी सात दिवस औषध आणि परत तपासणी. त्या दिवशी घरी जायची पिशवी भरून बसलेल्या आईला हे ऐकणं जड जातं, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं.

घरी आल्यावर सहा महिने

सुट्टी झाली म्हणजे संपलं असं नाही. लपलेला विषाणू मेंदूत पुन्हा पुन्हा, कधी कधी काही न दिसता, डोकं वर काढतो. त्याला दाबून ठेवायला सहा महिने तोंडावाटे असायक्लोव्हिर, दिवसातून तीनदा. आता तोंडाने चालतं, कारण काम मारण्याचं नाही, दाबून ठेवण्याचं आहे. २०११ मध्ये याच गटाचा अभ्यास छापून आला. मेंदूचा आजार होऊन गेलेल्या काही बाळांना सहा महिने औषध दिलं, काहींना औषधासारखं दिसणारं साधं पातळ. वर्षाची झाल्यावर तपासलं तर औषध घेतलेल्या १०० मधली ६९ बाळं चांगली वाढत होती, न घेतलेल्यांत ३३. बाळं थोडीच होती, पण फरक इतका मोठा की तेव्हापासून जगभर हीच पद्धत धरली जाते.

डोस बाळाच्या उंची-वजनावर ठरतो आणि बाळ झपाट्याने वाढतं. म्हणून पहिल्या महिन्याचा डोस तिसऱ्या महिन्यात पुरत नाही. दर महिन्याला वजन करून डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा, जुनीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवत राहायचं नाही. दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी आणि मग महिन्याला एकदा रक्त तपासतात, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. मधल्या काळात ताप आला तर न थांबता दाखवा. अंगावर पुन्हा फोड आले तरीही.

बाळ पुढे कसं राहील हा प्रश्न प्रत्येक आई-बाप विचारतात, आणि त्याचं गोड उत्तर देणं खोटेपणाचं होईल. वाचलेल्या सगळ्याच बाळांची वाढ पूर्ण नीट होते असं नाही. काहींना मान धरायला, बसायला, बोलायला उशीर होतो, काहींना पुढे फिट येतात, काहींचे डोळे अधू राहतात. कोणाचं काय होईल हे सुट्टीच्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. पण उशीर लवकर ओळखला तर व्यायामाने, खेळांतून, शिकवण्याने बरंच भरून निघतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाचं केंद्र असतं. तिथे फिजिओथेरपी, कानांची-डोळ्यांची तपासणी, बोलण्याचं शिक्षण अशी सोय एकाच ठिकाणी करायची असते. सुट्टीच्या कागदावर तिथली तारीख लिहून घ्या. लसीकरण कधी, तेही त्याच वेळी विचारून घ्या, मनानेच पुढे ढकलू नका.

याच आईचं पुढचं बाळंतपण असेल तेव्हा पहिल्याच तपासणीला हा सगळा इतिहास डॉक्टरांना सांगायचा आणि जुने कागद दाखवायचे. ज्या बाईला कमरेखाली हर्पिसचा त्रास होऊन गेलाय तिला ३६ व्या आठवड्यापासून असायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात, म्हणजे कळा येतील तेव्हा फोड नसावेत. कळा सुरू झाल्या आणि तरीही फोड असले तर सिझेरियन करतात. म्हणून असं बाळंतपण जिथे सिझेरियनची सोय आहे अशाच दवाखान्यात ठरवून ठेवावं, आणि पाणी गेलं की घरी वाट न बघता लगेच निघावं.